चार बोरे आणि कापसाचा पुंजका

ओढ्याकाठच्या जांभळावर एक खार राहत असे. कामाला वाघ, पण चिकित्सा करायची खोड भारी! थंडी पडली तशी तिची दोन पिल्ले उघड्या काटक्यांवर कुडकुडू लागली. "आज बाजारातून कापूस आणते, मग उबेत झोपा," असे त्यांना सांगून खार पळसाच्या पानात चार पिकली बोरे घेऊन निघाली.

त्या जंगलात आठवड्यातून एकदा वडाखाली बाजार भरे आणि बगळे घरी परतू लागले की उठे. साळुंकीकडे कापूस होता, पांढराशुभ्र. शेजारच्या होला पक्ष्याकडेही होता, जरा पिवळट, पण मऊ. दोघेही एका पुंजक्याला चार बोरे घेत.

"साळुंकीबाई, हा टिकेल ना?"

"टिकेल की!"

"आणि होल्याचा?"

"ते होल्याला विचार बाई!"

खार होल्याकडे पळाली. कापूस गालाला लावून पाहिला. मऊ होता, पण पिवळा का? जुना तर नसेल? पुन्हा साळुंकीकडे. पांढरा खरा, पण पुंजका लहान वाटतो की काय? पुन्हा होल्याकडे. आणि आज घेतला नि पुढच्या बाजारात याहून चांगला आला तर? तिचा जीव नुसता वरखाली होत होता. आता बाळांनो, खारीला काळजी लागली की तिचे दात काही स्वस्थ बसत नाहीत.

शेवटी होला वैतागला. "अगं, पिल्लांना ऊब हवी आहे की रंग?"

"ठरवतेच आता," असे म्हणत खार पुन्हा साळुंकीकडे वळली.

तेवढ्यात बगळ्यांची रांग वडावरून गेली. जो तो आवरू लागला. "दे बाई, तुझाच दे!" म्हणत खारीने घाईघाईने पान पुढे केले. पानात चार बिया होत्या. विचाराच्या नादात बोरे कधी पोटात गेली, तिचे तिलाच कळले नव्हते.

"बियांना कापूस कसा देऊ गं?" असे म्हणून साळुंकी उडून गेली.

घरट्यातून दोन इवली तोंडे वर आली. "आई, आणलास कापूस?"

खारीला रडू कोसळले. मग ती आपल्या झुबकेदार शेपटीचे केस उपटून पिल्लांखाली पसरू लागली. कोणता आधी उपटावा, हा विचार मात्र तिला एकदाही शिवला नाही.

तात्पर्य : दोन्ही वस्तू चालण्याजोग्या असताना जो निवडतच बसतो, त्याच्या हाती बियाच उरतात.