सुटी अक्षरं

"हे पुसलं तर… तिला काही होणार नाही ना, उस्ताद?"

युनुसचं बोट कीबोर्डवर अधांतरी थांबलं होतं. समोर पडद्यावर त्याच्या आईचं नाव होतं, आणि ते मोडलेलं होतं.

उस्ताद करीमुद्दीन खानकाहच्या, म्हणजे सूफी मठाच्या, ग्रंथालयात जुन्या अरबी-फारसी पोथ्यांच्या नकला उतरवता उतरवता म्हातारे झाले. युनुस त्यांचा शागीर्द. पुण्याहून संगणक शिकून आलेला, आणि ते कुणाला विसरू न देणारा. सकाळी आल्या आल्या त्याने जाहीर केलं होतं, "आता हा संगणक अरबी लिहील, फारसीही लिहील. तुमच्या बोरूला आराम."

उस्ताद हसले होते. बोरू मात्र त्यांनी खाली ठेवला नव्हता.

युनुसने दोन्ही भाषा जोडल्या, कीबोर्ड बसवला, फॉन्ट घातले. पहिली ओळ म्हणून आईसाठी दुआ लिहिली, तिच्या नावासकट.

अक्षरं उमटली ती डावीकडून, उलटी. या लिपीत अक्षरं उजवीकडून डावीकडे, एकमेकांचा हात धरून चालतात. इथे प्रत्येक अक्षर एकटं उभं होतं.

दुरुस्ती त्याला ठाऊक होती. दुसरा प्रोग्राम घ्यायचा, ही ओळ पुसायची, पुन्हा लिहायची. पण आईचं नाव आपल्या हाताने पुसायचं, तेही आज, याची त्याला भयंकर भीती वाटत होती.

उस्ताद पडद्याजवळ वाकले. सुटी अक्षरं शोधत शोधत त्यांनी वाचलं, "सकीना… कशी आहे ती?"

"आज ऑपरेशन आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात."

"केव्हा?"

"संध्याकाळी."

"आणि तू इथे?"

"तिथे माझा काय उपयोग? आपा आहे ना तिच्याजवळ, थोरली लेक. इथे निदान माझ्या हातून काहीतरी होतंय."

कीबोर्डशेजारी त्याचा फोन पालथा पडला होता.

"मघाशी वाजला तो कुणाचा होता?"

"आपाचा."

"काय म्हणाली?"

"उचलला नाही, उस्ताद."

"सकाळी तरी बोलणं झालं? काय म्हणाली?"

"अम्मी सारखी विचारतेय, युनुस कुठंय. आत नेण्याआधी तिला मला बघायचंय. माझ्याच्याने नाही होणार. तिचा चेहरा बघितला आणि तोच शेवटचा ठरला तर…"

पडद्यावरची अक्षरं तशीच उभी होती.

उस्ताद उठले आणि भिंतीला धरत उंबऱ्यापाशी गेले. तिथे युनुसचे जोडे आत तोंड करून पडले होते. उस्ताद खाली वाकले. त्यांनी ते उचलले, धूळ झटकली आणि रस्त्याकडे तोंड करून नीट जोडीने ठेवले.

युनुस घाबरून उठला. उस्तादांचे जोडे शागीर्दाने सरळ करायचे, हा इथला जुना रिवाज. उलटं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"उस्ताद, हे काय करताय… माझे जोडे…"

"घाल."

तो उंबऱ्यापर्यंत आला. जोड्यांत पाय घातले. मग पुन्हा वळून पडद्याकडे पाहू लागला.

"पण ही ओळ? तिचं नाव असं मोडकंच ठेवून जाऊ?"

उस्तादांनी पालथा फोन उचलून त्याच्या हातात दिला.

"तुझ्या अम्मीला वाचता येत नाही, युनुस."