मैनूचा अंगठा आणि चाफेकळी परी

ऐका हं! ऐकता ऐकता कुणाचा अंगठा तोंडात गेला, तर जाऊ द्या. मी मुळीच रागावणार नाही. गोष्टच मुळी अंगठ्याची आहे.

डोंगराच्या कुशीत, फुलमळ्याच्या कडेला एक इवलीशी झोपडी होती. तिथे पाच वर्षांची मैनू आणि तिची आई, अशा दोघीच राहायच्या. आई मळ्यात फुलं खुडायला निघाली की मैनूला भीती वाटायची आणि अंगठा टुणकन तोंडात जायचा. अंगठा तोंडात ठेवूनच ती काहीतरी बोलायची आणि आई म्हणायची, "काय गं राणी? नीट सांग बघू." शेजारच्या गोजराकाकूंनी एकदा त्या अंगठ्याला कडुनिंबाचा रस चोळला. मैनूने तोंड वाकडं केलं आणि रसासकट अंगठा चोखला! काकूंनी कपाळाला हात लावला.

पण आमची मैनू होती मोठी गुणाची. अंगणात एक चाफ्याचं झाड होतं, उन्हाने पार सुकलेलं. विहिरीवरून ती दोन्ही हातांनी इवला तांब्या उचलून आणायची. अर्धं पाणी घरात, अर्धं चाफ्याला. "पी हं बाळा," असं त्याला सांगायचीसुद्धा.

एके दिवशी आईला ताप आला. काकूंनी काढा दिला, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, पण तिसऱ्या दिवशीही आईने डोळे उघडले नाहीत. मैनू फार फार घाबरली. तरी तिने चाफ्याला पाणी घातलंच, आणि मग बुंध्याशी बसून अंगठा तोंडात घातला.

तेवढ्यात फांदीवरची एक कळी लकलकली. पाकळ्या उलगडल्या आणि आतून उतरली बोटभर उंचीची परी! पिवळंधमक झबलं, दवबिंदूंचे पैंजण आणि चंदेरी चिमुकले पंख.

"मी चाफेकळी," ती म्हणाली. "तुझ्या पाण्यावर जगले गं मी. माग, दोन इच्छा माग! नियम एकच: जे मला ऐकू येईल, तेच होईल."

अंगठा तोंडात तसाच ठेवून मैनू घाईघाईने म्हणाली, "आई-आ आफ आऊ ए!"

"आईला चाफा हवा? एवढंच?" परीने टाळी वाजवली. झोपडीच्या छपरातून भुरुभुरु चाफ्याची फुलं पडू लागली. अंथरुणावर, उशीवर, चुलीवर, सगळीकडे चाफाच चाफा! आई मात्र तशीच फणफणलेली.

मैनूला रडूच फुटलं. एक इच्छा गेली की हो वाया! उरली एकच. आणि रडता रडता अंगठा पुन्हा तोंडाकडे निघाला.

"थांब, थांब!" परी तिच्या मनगटावर येऊन बसली. "अंगठ्यावर रागावू नकोस हं. तू घाबरलीस की तुला धीर द्यायला तोच बिचारा धावत येतो. पण आज तोही घाबरलाय. आता तू त्याला धीर दे."

"मी?" मैनूने हुंदका दिला.

"हो, तूच. चारही बोटांनी त्याला कुशीत घे. घट्ट नको, मायेने. आता हळूच श्वास घे, फूल हुंगतो तसा. आणि सोड, कढत दूध फुंकतो तसा."

मैनूने मूठ मिटली. हुंगलं. फुंकलं. पुन्हा हुंगलं, पुन्हा फुंकलं. भीती काही पळाली नाही, पण जरा बाजूला सरकून बसली. मग त्या एवढ्याशा पोरीने मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या आईचा ताप जाऊ दे!"

शाब्बास गं माझी वाघीण!

झोपडीतून हाक आली, "मैनू, अगं, ही एवढी फुलं कुणी आणली?" मैनू धावत सुटली आणि आईच्या गळ्यात पडली. आईचं कपाळ आता गार होतं.

परी दारात तरंगत होती. "जाऊ नकोस ना," मैनू म्हणाली.

"जाते कुठे? अंगठ्याशेजारच्या बोटाला काय म्हणतात, सांग पाहू?"

मैनूने बोट वर केलं. "चाफेकळी!" तिचे डोळे लुकलुकले.

"मग? मी तुझ्या हातावरच आहे की!" परी खुदकन हसली. सोनेरी उजेडाचा एक झोत उठला, आणि दारात उरला नुसता सुगंध.

चार दिवसांनी आई पुन्हा मळ्याकडे निघाली. मैनूला भीती वाटलीच. अंगठाही निघाला, पण अर्ध्या वाटेत चाफेकळीने त्याला अलगद कुशीत घेतलं. हुंगलं, फुंकलं, आणि मैनू ओरडली, "आई, लवकर ये गं!"

आई पार बांधापलीकडे पोचली होती. तिने मागे वळून पाहिलं आणि हात हलवला. "येते गं राणी, लवकर येते!"

'नीट सांग' असं त्या दिवशी तिला म्हणावंच लागलं नाही.