सुगरणीचं घरटं आणि काजवा

पक्षी दाणे मोजून घरट्यांचे सौदे करत, त्या काळातली गोष्ट. एका सुगरणीला विहिरीवर झुलणारं जुनं घरटं विकायचं होतं. तिने आत ओल्या मातीत काजवा चिकटवला आणि बजावलं, “दाराशीच चमक. तळाकडे वळलास तर बघ!”

अंड्यावर आलेली मुनिया तो लखलखाट बघून हरखली. “घेतलं, मावशी! उद्याच अंडी घालीन.”

ते ऐकून काजवा जिवाच्या आकांताने तळाकडे वळला. तिथे मोठं भोक होतं आणि खाली पाणी.

“मेल्या, सौदा मोडलास!” सुगरण कडाडली.

“मोडला नाही. भोक दिसलं, आता विणता येईल. दाणे मात्र अर्धेच हं, मावशी,” मुनिया म्हणाली. तिने काजव्याला मातीतून अलगद सोडवलं. “दादा, माझी पिल्लं तुझ्यामुळे वाचली. जा, मोकळा हो.”

काजवा उडाला, पण भोक विणून होईपर्यंत तिच्या चोचीपाशीच चमकत राहिला.