खुणेवरचं रोप

एका गावामागे एक बोडकी टेकडी होती, आणि दर पावसाळ्यात तालुक्याच्या कॉलेजातली मुलं तिथे झाडं लावायला येत. एका वर्षी नमिता नावाची एक मुलगी पहिल्यांदाच आली होती.

काम सोपं होतं. सरांनी दोरी धरून ओळी आखल्या होत्या आणि दर दहा पावलांवर चुन्याच्या फक्कीची पांढरी खूण केली होती. खुणेभोवतीचं रान काढायचं, खड्डा खणायचा, रोपवाटिकेतून आलेलं रोप लावायचं. प्रत्येकाला एक ओळ. ज्या गटाच्या ओळी सगळ्यात सरळ, त्याला ढाल.

नमिताच्या पहिल्याच खुणेवर गुडघाभर उंचीचं एक रोप उभं होतं. तिने ओढलं, ते येईना. कुदळ मारली, गदागदा हलवलं, शेवटी मूळ मोडलं तेव्हा कुठे ते हातात आलं. ते बाजूला टाकून तिने पिशवी फाडली, नवं रोप काढलं आणि खड्ड्यात धरलं.

मग ती थांबली. टाकलेलं रोप तिने पुन्हा उचललं. तीच चकचकीत पानं, चुरगळली तर तोच उग्र वास. फरक एवढाच, की पिशवीतल्याचं मूळ चकलीसारखं गुंडाळलेलं होतं आणि जमिनीतल्याचं खाली मुरमात कुठवर गेलं होतं कोण जाणे.

"विनायक," तिने गटप्रमुखाला हाक मारली, "हे दोन्ही करंजच आहेत ना?"

"ते रान आहे. हे रोपवाटिकेतलं."

"पण झाड तर एकच."

"बाई गं, आमचे चार-चार खड्डे झाले, तुझा अजून एक नाही! ढाल घालवतेस का आमची?"

ती सरांकडे गेली. सर म्हणाले, "खुणेवर असेल ते काढायचं."

"आणि मग काय लावायचं?"

"झाड."

"सर, ते झाडच होतं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जरा नीट बघून काम कर," असं म्हणून ते दोरी घेऊन पुढे गेले. नीट काय बघायचं, ते राहूनच गेलं.

बांधावर गवत कापणारी गऊबाई विळा थांबवून मघापासून हे बघत होती.

"का गं पोरी, उपटून पुन्हा तेच लावायचं, ही कुठली रीत?"

"मलाही कळत नाहीये, मावशी."

"पोरींचं करतात असं. रुजलेली उचलायची, दुसरीकडं लावायची, आणि चार दिवसांत विचारायचं, रुजली का म्हणून. झाडांचंबी करतात, हे आजच बघितलं."

हसावं की काय करावं, नमिताला कळेना. तिच्या ओळीत अशी आणखी अकरा रोपं होती, काही खुणेवर, काही हातभर अलीकडे-पलीकडे. उपटली तर ओळ सरळ. ठेवली तर वाकडी, आणि सगळा गट तिच्यावर तुटून पडणार. विनायक हुशार होता. सरांनी पुस्तकं वाचली होती. गऊबाईचा जन्म या टेकडीवर गेला होता. कोणाचं खरं धरायचं? मात्र हातातलं मोडलेलं मूळ काही परत जोडता येणार नव्हतं, एवढं तिला दिसत होतं.

तिने कुदळ खाली ठेवली. अकराही रोपांभोवती दगडांचं आळं केलं, आणि पिशव्यांतली रोपं जिथे खरंच काही नव्हतं तिथे लावली. ओळ अशी वाकडी झाली, की बघणाऱ्याची मान दुखावी.

ढाल अर्थातच गेली. परतताना बसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसलं नाही.

पुढच्या आषाढात मुलं पुन्हा टेकडी चढली. मधल्या उन्हाळ्याने आपलं काम केलं होतं. सरळ ओळींत सरळ वाळक्या काड्या उभ्या होत्या, प्रत्येकीला लावणाऱ्याच्या नावाची पाटी. नमिताने लावलेल्यांतलीही दोनच जगली होती. पण त्या वाकड्या ओळीत अकरा करंज कमरेइतके वाढले होते.

सरांनी वही उघडली. "ही अकरा कोणी लावली?"

"कोणीच नाही, सर," नमिता म्हणाली.

"मग नाव कोणाचं लिहू?"

सरांनी नावाच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि परत उचललं. मग त्यांनी वही मिटली आणि दोरी गुंडाळून पिशवीत टाकली.

"आधी सगळी टेकडी फिरून या," ते म्हणाले. "जे उभं दिसेल त्याला आळं करा. खुणांचं नंतर बघू."

पहिला दगड विनायकने उचलला.

तात्पर्य: आपण लावायला जातो तिथे आधीच काही रुजलेलं असू शकतं. कळत नसेल, तर कुदळ आधी थांबवावी. गोंधळलेले दिसलो तरी चालेल.