पेटीतली गळती, दुकानातला प्रिंटर

"...पण बुवा, शाईची टाकी मोठी असलेला घ्यावा, की टाकी लहान पण भरायला सोपा, असा घ्यावा?"

रामगिरीबुवा पिंडीवरची शिळी बेलपानं काढून टोपलीत टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाची टाकी म्हणालास?"

"शाईची. प्रिंटरची. घरी घ्यायचाय."

"बरं..."

प्रभंजन आठल्ये उंबऱ्याशी मांडी घालून बसला होता. दर सोमवारी दापोलीहून स्कूटर काढायची, खाडीकाठच्या या शंकराच्या देवळात यायचं, बुवांपुढे तासभर बसायचं आणि हलकं होऊन परतायचं, हा त्याचा नेम. एरवी तो तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा आणि उरलेल्या वेळात अख्ख्या दापोलीला सल्ले द्यायचा. मिक्सर कुठला घ्यावा, विहिरीवर पंप कुठला बसवावा, कुठली बॅटरी टिकते... लोक आधी त्याला विचारत, मग दुकानात जात. त्याने सांगितलेली वस्तू कधी वाईट निघाली नाही, याचा त्याला भारी अभिमान. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र जुनाच पंखा कुरकुरत होता, कारण नव्या पंख्याचा अभ्यास अजून पुरा व्हायचा होता.

"तू मला विचारतोस?" बुवा म्हणाले. "तुला तर सगळं ठाऊक असतं."

"ठाऊक आहे हो. तीच तर पंचाईत आहे." प्रभंजन सरसावून बसला. "कार्ट्रिजवाला स्वस्तात मिळतो, पण पुढे शाई घेता घेता माणूस रडकुंडीला येतो. टाकीवाल्याचं उलट. घेताना जरा जड जातं, मग बाटलीभर शाई वर्षभर पुरते. तेव्हा घरासाठी टाकीवालाच, त्यात वाद नाही. पण टाकीवाल्यांतला कुठला? एकाची छपाई सुबक, तर कागद हाताने उलटावा लागतो. दुसरा दोन्ही बाजूंनी आपोआप छापतो, तर त्याचा काळा रंग फिका. तिसऱ्याला वाय-फाय आहे, पण तो म्हणे मध्येच रुसतो."

"चौथाही असेल."

"आहे ना! तो पुढच्या महिन्यात येतोय. म्हणून तर थांबलोय."

"कधीपासून?"

"वसुधाने गणपतीत विषय काढला होता."

बुवांनी बाहेर पाहिलं. अंगणातल्या आंब्याचा मोहोर गळून आता बारीक कैऱ्या धरल्या होत्या. शिवरात्र तोंडावर आली होती.

ते नुसतं बघणं प्रभंजनला झोंबलं.

"घ्यायची वस्तू पारखून घ्यावी ना, बुवा?"

"घ्यावी की."

"मग?"

"मग... घ्यावी."

बुवांशी वाद घालायचा तर ते आधीच कबूल होऊन बसतात, मग भांडायचं कुणाशी?

मग बुवांनीच विचारलं, "वसुधा काय म्हणते?"

वसुधा म्हणजे प्रभंजनची बायको. आळीतली लहान मुलं दुपारी तिच्या पडवीत जमायची. ती त्यांना अक्षरं शिकवायची, आणि प्रत्येक अक्षराचं चित्र प्रत्येक मुलासाठी हाताने काढून रंगवायची. मुलं वाढली तसं तिचं मनगट दुखायला लागलं. तेव्हा तिने एवढंच म्हटलं होतं की घरात एक साधासा प्रिंटर असता तर बरं झालं असतं.

"तिची आणखी निराळीच तऱ्हा," प्रभंजन हसत म्हणाला. "काल जेवताना म्हणते, राहू दे आता."

हसू त्याच्या तोंडावरच विरलं.

ती चिडून म्हणाली असती तर त्याने चार गोष्टी ऐकवल्या असत्या, त्यात तो पटाईत होता. पण ती चिडली नव्हती. भूक नाही म्हणून पोळी नको म्हणावी, तशी म्हणाली होती. आज सकाळी त्याने पाहिलं, तिचे रंग आणि ब्रश माळ्यावर जाऊन बसले होते. होळीनंतर मुलांना येऊ नका म्हणून सांगणार आहे, असंही ती शेजारणीला म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. आज तो देवळात आला होता तो खरं तर त्यासाठी. प्रिंटर हा आपला बोलायला विषय होता.

"एक सांग," बुवा म्हणाले. "असा प्रिंटर घेतला आणि न वापरता ठेवला तर?"

प्रभंजनच्या जिवात जीव आला. हा प्रश्न त्याच्या गावचा होता.

"वाट लागते, बुवा! त्याच्या शाई सोडणाऱ्या हेडला केसाहून बारीक भोकं असतात. शाई सुकली की बुजतात. आठवड्याला एखादं तरी रंगीत पान काढावंच लागतं. छापण्यासारखं काही नसलं तरी."

"टाकी भरलेली असली तरी?"

"काठोकाठ असली तरी! नुसती टाकी काय चाटायचीय? थेंब पडायला हवा ना."

"अस्सं..."

बुवा उठले. आतल्या खोलीत गेले आणि एक लाकडी पेटी घेऊन आले. पेटी पाहताच प्रभंजन ओळखीचं हसला.

ती त्यानेच देवाला दिलेली गळती होती. पिंडीवर साखळीने टांगायचं तांब्याचं भांडं, तळाला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब पाणी देवावर पडत राहायचं. देवळातली जुनी पितळी गळती पोचे पडून वाकडी झाली होती, म्हणून प्रभंजनने नवी द्यायचं मनावर घेतलं होतं. चिपळूण झालं, सातारा झालं, पुण्यातली दुकानं झाली. तांबं किती जाड, भोक किती बारीक, सगळं पारखून आणलेलं भांडं. देताना त्याने बुवांना बजावलं होतं, "रोज नका हं लावू. रोजच्याला जुनी चालेल. ही फक्त शिवरात्रीला." बुवांनी त्याचा शब्द मोडला नव्हता.

"आज ही लाव," बुवा म्हणाले.

"आज? पण शिवरात्र तर..."

"लाव."

प्रभंजनने जुनी गळती उतरवली. तिच्यातून अजून टपटप चाललंच होतं. त्याने स्वतःची गळती साखळीला अडकवली, वर कळशीभर पाणी ओतलं आणि हात जोडून उभा राहिला.

भांडं मोठं देखणं होतं. पाणी काठापर्यंत आलं होतं.

थेंब पडेना.

त्याने भांडं हलवलं. तळाला टिचकी मारली. मग खाली वाकून पाहिलं. भोकाच्या जागी हिरवं पुट धरलं होतं. गेल्या शिवरात्रीला वरवर पुसून ओलीच पेटीत घातलेली गळती, त्यात खाडीची दमट हवा...



पिंडीचा माथा आधी सुकला. मग ओल हळूहळू खाली सरकली आणि काळा दगड राखाडी दिसायला लागला. इतक्या वर्षांत प्रभंजनने या देवळातली पिंड कोरडी पाहिली नव्हती. आज ती कोरडी पडली होती, आणि तिच्यावर त्याचं सर्वांत पारखलेलं भांडं पाण्याने भरून लटकत होतं. त्याला फार वाईट वाटलं.

त्याने घाईघाईने जुनी गळती परत लावली, नवी खाली काढली आणि विहिरीपाशी नेली. बुवांनी चिंच आणि मीठ आणून दिलं, झावळीची एक हीर सोलून हातात ठेवली, आणि शेजारच्या दगडावर टेकले.

प्रभंजन घासायला लागला. हीर भोकात घालायची, फिरवायची, फुंकर मारायची. पुन्हा घालायची. काम करता करता माणूस खरं बोलतो, तसं त्याच्या तोंडून एकेक निघायला लागलं.

"ती क्लास बंद करणार म्हणते, बुवा."

"हं."

"मी काही नाही म्हटलं नव्हतं. घेऊ या म्हटलं होतं. दर वेळी घेऊ या असंच म्हटलं."

"हं... काय छापायचं होतं तिला?"

"पानं. रोजची बरीच होतील. त्यात निम्मी रंगीत धरली तर..."

"पानांवर काय?"

प्रभंजनचा हात थांबला.

कागद किती जाड हवा, ते त्याला माहीत होतं. मुलं किती, शाई किती, वीज किती, सगळं तोंडपाठ होतं. पानांवर काय... ते त्याने विचारलंच नव्हतं.

बुवांनी त्याच्या खिशातल्या मोबाइलकडे पाहिलं.

त्याने चिंचेचे हात सदऱ्यालाच पुसले आणि फोन लावला.

"वसुधा, अगं, प्रिंटर आला असता तर पहिलं काय छापणार होतीस?"



"हे आता कुठून काढलंस मध्येच?"

"सांग ना."

"खेकडा."

"खेकडा?"

"पुस्तकात ख खटाऱ्याचा आहे. आपल्या आळीत खटारा कुणी पाहिलाय? मी ख म्हटलं की सगळी माझ्या तोंडाकडे बघत बसतात. आणि खेकडा म्हण, बघ काय होतं ते! ती सुर्व्यांची सावनी, कध्धी बोलत नाही, पण खेकडा म्हटलं की बोटांच्या नांग्या करून मागे लागते. तर पहिला खेकडा. पानभर मोठा, निळ्या नांग्यांचा. मग त खाडीतल्या तिसऱ्यांचा, क कोकमाचा, ह होडीचा... सगळी अक्षरं आपल्याकडची करणार होते रे मी. प्रत्येकाला एकेक संच. घरी नेऊन भिंतीला लावतील, आयांना वाचून दाखवतील..."

ती बोलतच होती. हा आवाज प्रभंजनने गणपतीनंतर ऐकला नव्हता, आणि आपण तो ऐकलेला नाही हेही त्याला आताच कळत होतं. त्याला लाज वाटली. त्याहून जास्त आनंद झाला, कारण आवाज अजून होता.

"...पण जाऊ दे," ती एकदम भानावर येऊन म्हणाली. "जेवायला वेळेवर ये."

"येतो. आणि ऐक, रंग माळ्यावरून खाली काढून ठेव."

फोन ठेवून त्याने हीर पुन्हा भोकात घातली आणि दोन्ही हातांनी फिरवली. आत काहीतरी सुटलं. भांड्यात पाणी घालून त्याने ते उंच धरलं.

एक थेंब तळाशी जमला, लोंबला आणि त्याच्या पायावर पडला. मागोमाग दुसरा.

"पडला, बुवा!" तो लहान मुलासारखा ओरडला.

दोघांनी मिळून ती गळती पिंडीवर टांगली. जुनी, पोच्यांची, बुवांनी स्वच्छ पुसून बाजूला ठेवली. रिकाम्या पेटीकडे प्रभंजनने क्षणभर पाहिलं, मग टोपलीतली शिळी बेलपानं तिच्यात ओतली.

"ही आता याच कामाला ठेवा."

बुवांनी मान डोलावली.

ऊन कलायला लागलं होतं. खाडीवरून वारा येत होता. पिंड पुन्हा काळीभोर झाली होती आणि तिच्यावर एका लयीत टपटप चाललं होतं. दोघं बराच वेळ ते ऐकत बसले. प्रभंजनला घरी जायची घाई झाली होती आणि उठवतही नव्हतं.

शेवटी त्याने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. चप्पल पायात सरकवली, स्कूटरपाशी गेला, आणि सवयीने मागे वळला.

"पण बुवा... शेवटी कुठला घेऊ?"

"शिवरात्रीला येशील ना?"

"येणार की."

"मग येताना खेकडा घेऊन ये."