आईच्या वासाची वडी

एक होतं बीळ. शेताच्या बांधात होतं. बिळात राहायची भिंगरी. भिंगरी म्हणजे चिचुंद्रीची पोर. एवढीशी. बोरापेक्षा थोडी मोठी.

चिचुंद्री म्हटलं, की लोक नाक धरतात. धरू देत! नाक त्यांचं, हात त्यांचा. भिंगरीच्या डोक्याला मात्र छान वास यायचा. वाळ्याचा वास. कारण तिच्या आईनं केली होती वडी. डोकं धुवायची वडी.

आईनं रिठे भिजवले. बुडबुड बुडबुड.
शिकेकाई कुटली. धबक धबक.
जास्वंदीची पानं वाटली. खसर खसर.
वर घातला वाळा. मग थापली गोल वडी. सावलीत वाळवली. महिनाभर वाळवली. तेव्हा कुठे ती टणक झाली.

त्या वडीनं आई भिंगरीचं डोकं धुवायची. मग स्वतःचं धुवायची. दोघींच्या डोक्याला एकच वास!

एक दिवस काय झालं? मावशीला बाळं झाली. पाच बाळं. आई मावशीकडे निघाली. मावशी राहायची लांब. पलीकडच्या तळ्यापाशी.

"आई, तू कधी येणार?"

"बाळांचे डोळे उघडले की येते हं, बाय माझी. बाबांना त्रास देऊ नकोस."

आई गेली. तुरुतुरु तुरुतुरु गेली. दिसेनाशी झाली.

भिंगरीला आईची आठवण यायची. सकाळी यायची. दुपारी यायची. जेवताना तर फारच यायची. मग ती वडीपाशी जायची. वडीला नाक लावायची. हुंऽऽऽ! आईचा वास. मग जरा बरं वाटायचं.

वडी होती दोन काड्यांवर. एकटीच. भिंगरीला वाटलं, बिचारी! हिला तहान लागली असेल. भिंगरीनं शिंपला आणला. शिंपल्यात पाणी ओतलं. पाण्यात वडी ठेवली.

"पी हं. पोटभर पी."

रोज तिनं शिंपला भरला. माया केवढी? आभाळाएवढी. अक्कल केवढी? बोराएवढी!

तिसऱ्या दिवशी बघते तर काय! वडी मऊ. वडी बुळबुळीत. वडी अर्धीच. भिंगरीनं ती काड्यांवर ठेवली. वडी मधून गळली. पच्च!

"चूं चूं चूं! बाबा, बाबा! आईचा वास विरघळला!"

बाबा धावत आले. त्यांनी वडी कोरड्या पानावर घेतली.

"अगं वेडाबाई, वडीला पाणी नको असतं. वडीला वारा हवा. वरून वारा, खालून वारा. हिला आता बारीक जाळी हवी."

"मग विणा ना, बाबा."

"मला किडे धरता येतात गं. विणता कुठे येतं? तू सुगरणीकडे जा. मी इथे फुंकर घालतो. फू फू! पण लवकर ये. माझी फुंकर किती पुरणार?"

भिंगरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली बाभळीखाली. वर सुगरण घरटं विणत होती.

"सुगरणताई, सुगरणताई!"

"कोण गं तू? तोंड का एवढंसं?"

"मी भिंगरी.
आई गेली लांब.
वडी झाली मऊ.
वडीला हवी जाळी.
सुगरणताई, तू देतेस का?"

सुगरण म्हणाली, "देईन की! त्यात काय? पण आधी मऊ गवत आण. मग जाळी देईन."

भिंगरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली गवताकडे. गवत वाळून करकरत होतं.

"गवतदादा, गवतदादा!"

"कोण गं तू? तोंड का एवढंसं?"

"मी भिंगरी.
आई गेली लांब.
वडी झाली मऊ.
वडीला हवी जाळी.
सुगरण देईना जाळी, तिला हवं गवत.
गवतदादा, तू देतोस का?"

गवत म्हणालं, "देईन की! त्यात काय? पण मी बघ कसा वाळलोय. वाकलो की तुटतो. कट्! आधी पाणी आण. मग मऊ पाती देईन."

भिंगरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली पाटाकडे. पाटातून पाणी वाहतं. आज वाहत नव्हतं.

"पाटकाका, पाटकाका!"

"कोण गं तू? तोंड का एवढंसं?"

"मी भिंगरी.
आई गेली लांब.
वडी झाली मऊ.
वडीला हवी जाळी.
सुगरण देईना जाळी, तिला हवं गवत.
गवत देईना पाती, त्याला हवं पाणी.
पाटकाका, तुम्ही देता का?"

पाट म्हणाला, "देईन की! त्यात काय? पण माझ्या तोंडात गाळ. बोलतानासुद्धा बुळबुळ बुळबुळ! आधी गाळ काढ. मग पाणी देईन."

भिंगरीनं पंजा घातला. पंजा रुतला. कसाबसा सुटला. हे काही आपलं काम नाही, बाई!

भिंगरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली खेकड्याकडे. खेकडा बिळात दडला होता. डोळे तेवढे बाहेर.

"खेकडेमामा, खेकडेमामा!"

"हळू बोल, हळू! कोण गं तू? तोंड का एवढंसं?"

भिंगरी हळूच म्हणाली,

"मी भिंगरी.
आई गेली लांब.
वडी झाली मऊ.
वडीला हवी जाळी.
सुगरण देईना जाळी, तिला हवं गवत.
गवत देईना पाती, त्याला हवं पाणी.
पाट देईना पाणी, त्याला नको गाळ.
खेकडेमामा, तुम्ही काढता का?"

खेकडा म्हणाला, "काढीन की! त्यात काय? नांग्या कशाला आहेत? पण तिकडे बघ. पाटाच्या तोंडाशी बगळा उभा! मी गेलो, की टोच! आधी बगळा जाऊ दे. मग गाळ काढीन."

भिंगरी निघाली. तुरुतुरु... तुरु... तुरु... बगळ्याची चोच लांब. ती दगडामागे थांबली. तिथूनच ओरडली.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ!"

"कोण गं तू? तोंड का एवढंसं?"

"मी भिंगरी.
आई गेली लांब.
वडी झाली मऊ.
वडीला हवी जाळी.
सुगरण देईना जाळी, तिला हवं गवत.
गवत देईना पाती, त्याला हवं पाणी.
पाट देईना पाणी, त्याला नको गाळ.
खेकडा काढेना गाळ, त्याला नको बगळा.
बगळेभाऊ, तुम्ही जाता का?"

बगळा म्हणाला, "जाईन की! मला का इथे राहायचंय? माझा थवा गेला पलीकडच्या तळ्यावर. मी एकटाच उरलो. पण माझं डोकं बघ."

भिंगरीनं बघितलं. बगळा अंगानं पांढराशुभ्र. पण डोकं? काळंकुट्ट!

"बेडूक धरायला गेलो. डोकं गेलं चिखलात. फस्स! बेडूक पळाला. चिखल वाळला. माझा तुरा चिकटला. थव्यात गेलो, तर सगळे म्हणाले, हा कोण काळ्या डोक्याचा? हा आपला नाही. आधी माझं डोकं धुऊन दे. मग जाईन."

डोकं धुवायचं? कशानं धुवायचं?

वडीनं!

भिंगरी घरी आली. आता तुरुतुरु नाही. हळू हळू. बाबा अजून फुंकर घालत होते. फू... फू... गाल दुखायला लागले होते बिचाऱ्यांचे.

"बाबा, बगळ्याला वडी हवी. डोकं धुवायला."

"मग?"

"वडी झिजेल ना. आईचा वास झिजेल."

बाबा म्हणाले, "वडी तुझी आहे, बाळा. तूच ठरव."

भिंगरीनं वडीला नाक लावलं. हुंऽऽऽ! आईचा वास. कुणाला म्हणजे कुणाला देऊ नये, असं तिला वाटलं. मग तिला बगळा आठवला. तो सारखा आभाळाकडे बघत होता. थवा गेला, तिकडे बघत होता. भिंगरीसुद्धा तशीच बघायची. आई गेली, त्या वाटेकडे.

भिंगरीनं पान उचललं. वडी डोक्यावर घेतली. आणि निघाली.

"खाली वाका, बगळेभाऊ. आणि हे बघा, टोचायचं नाही!"

"नाही टोचणार."

"डोळे मिटा."

बगळ्यानं डोळे मिटले. भिंगरी दगडावर चढली. पाटाच्या तोंडाशी डबकं साचलं होतं. त्यातलं पाणी शिंपल्यानं ओतलं. चुळूक चुळूक. डोकं भिजलं.

"आता घास वडी डोक्यावर," बगळा म्हणाला.

"छे! डोक्यावर नाही घासायची. आई म्हणते, वडी हातावर घासायची. दोनच फेरे."

एक फेरा. दोन फेरे. फसफस फसफस! फेसच फेस! वडी लगेच कोरड्या पानात. पाण्यात अजिबात नाही! एकदा चुकली ती चुकली.

भिंगरीनं फेस डोक्याला लावला. बोटांनी चोळला. चुळूचुळू चुळूचुळू. मग पुन्हा पाणी ओतलं. काळा चिखल खाली वाहून गेला. बगळ्यानं डोकं झटकलं. भिंगरी भिजून चिंब!

बगळ्यानं डबक्यात पाहिलं. "अगं बाई! हा तर मीच!"

त्याचा तुरा मोकळा झाला. भुरूभुरू उडायला लागला.

बगळा गेला. फड फड फड!
"मामा, बगळा गेला!"
खेकडा आला. तिरपा तिरपा.
खेकड्यानं काढला गाळ. खरड खरड!
पाटानं दिलं पाणी. खळखळ खळखळ!
गवतानं दिली पाती. मऊ मऊ, सळसळ सळसळ!
सुगरणीनं विणली जाळी. वरून खाली, खालून वर. बारीक बारीक.

भिंगरीनं जाळी घरी आणली. बाबांनी ती बिळाच्या दाराशी टांगली. सावलीत. जाळीत ठेवली वडी. वरून वारा, खालून वारा. टप. टप. पाणी गळलं. मग गळायचं थांबलं. वडी टणक व्हायला लागली.

"हुश्श!" बाबा म्हणाले. आणि गाल चोळत बसले.

भिंगरी जाळीखाली बसली. वारा आला, की वास यायचा. आईचा वास होता. पण आई नव्हती. भिंगरीला रडू आलं. एवढी जाळी मिळाली, तरी आलं. येतंच.

तिकडे बगळा पोचला तळ्यावर. "आला, आला! आपला आला!" थवा ओरडला. सगळे पंख फडफडले. वारा सुटला. वाऱ्याबरोबर वास सुटला. वाळ्याचा वास.

तळ्यापाशी मावशीचं बीळ होतं. बिळात आई बाळांना निजवत होती. आईचं नाक हललं. हुं? हुं हुं? हुंऽऽऽ!

"अगं, ही तर माझी वडी! हा तर माझ्या भिंगरीचा वास!"

आईचा जीव थाऱ्यावर राहीना. मावशी म्हणाली, "जा गं ताई, जा. आज बाळांनी डोळेसुद्धा उघडले. उद्याची वाट कशाला बघतेस?"

आई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पाट ओलांडला. गवत ओलांडलं. बाभळीखालून आली. बिळापाशी आली.

"भिंगरे!"

"आई!"

भिंगरी आईला चिकटली. आईनं तिचं डोकं हुंगलं. भिंगरीनं आईचं डोकं हुंगलं.

मग आईनं जाळी पाहिली. "काय गं, वडी एवढीशीच?"

भिंगरीनं सगळं सांगितलं. शिंपला सांगितला, पाणी सांगितलं, बगळा सांगितला. आई हसली. हसता हसता डोळे पुसले.

"ये. डोकं धुऊ तुझं."

आईनं पाणी ओतलं. वडी हातावर घासली. एक फेरा. दोन फेरे. आई थांबली.

"अजून, आई."

तीन फेरे. चार फेरे.

"अजून!"

"अगं, संपेल ना वडी. एवढी धावपळ केलीस तिच्यासाठी."

भिंगरी म्हणाली, "संपू दे. आता तू आहेस ना."

फसफस फसफस! फेसच फेस! आईच्या नाकाला फेस, बाबांच्या गालांना फेस.

फेस गेला वाहून,
गोष्ट आली नाहून!