बुवांच्या हातातला भाता

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या खापरपणजोबांनाही दात यायचे होते तेव्हा, एका राज्यात एक पेटीवाले बुवा राहत. शिकवण्यात हातखंडा आणि मिशीही हातभर.

त्यांची एक शिष्या होती, कुंभाराची लेक. ती पेटीपुढे बसे. बुवा पलीकडे बसत आणि मागचा भाता स्वतःच हलवत. "तू बोटांकडे बघ, पोरी. वारा मी घालतो." तिनं भात्याला हात लावला की ओरडत, "अगं, फाटेल तो!"

फाटतोय कसला! हिला सगळंच आलं तर मला कोण विचारणार, ही खरी धास्ती. पण हे बुवा स्वतःच्या मिशीलासुद्धा सांगत नसत.

अशी सात वर्षं गेली. एक दिवस राणीनं दवंडी पिटवली: राजवाड्यातल्या मुलींना पेटी शिकवायला बाई हवी. पोरीनं ध्यासच घेतला. ती जागा मिळाली तर जन्माचं सोनं.

परीक्षेला बुवा पहिल्या रांगेत ऐटीत बसले. पोरीची बोटं पेटीवर झरझर फिरली. आवाज? नावाला नाही!

"पेटीनं मौन धरलंय काय?" प्रधान म्हणाला. दरबार खो खो हसला. पोरीनं घाबरून भाता खसकन ओढला. पेटी रेड्यासारखी रेकली. तुम्हीही हसला असतात, उगाच साळसूद होऊ नका.

एकटे बुवा हसले नाहीत.

"मुली, भाता नाही शिकवला कुणी?" राणीनं विचारलं.

पोर गुरूचं नाव काही घेईना. तेच बुवांना जास्त झोंबलं. ते उठले. "राणीसाहेब, चूक तिची नाही. मीच शिकवला नाही. मुद्दाम." मान अशी खाली गेली, की मिशी छातीला टेकली.

जागा दुसरीलाच मिळाली.

दुसऱ्या दिवशी बुवांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. "हं, वाजव." पेटी कण्हली, धापा टाकू लागली. बुवांचे हात शिवशिवले, पण त्यांनी बाहेर काढले नाहीत.

वर्षभरात पोर एकटी सुरेख वाजवू लागली. तिनं गावातच शाळा काढली. बुवा मात्र राजवाड्यातून पेटी ऐकू आली, की वाट बदलून चालू लागत. तोंड कुठं लपवणार? एवढी मिशीही पुरेना.

म्हणून लहानथोरांनो, गाठ मारून ठेवा: आपल्यावाचून शिष्याचं अडावं अशा बेतानं जो शिकवतो, तो शिकवत नाही, अडवतो.